पाठीखालून ऐकलेलं

जरा बेतानं टेका, बाप्पा. मी दगडाचा नाही, सागाचा आहे. अमरावतीच्या परकोटाच्या आतल्या एका तालमीतला मालिशचा बाक मी. माणूस माझ्यावर आडवा होतो, कुणीतरी त्याच्या अंगावर हात ठेवतं, आणि मी खालून ऐकत पडतो. वरच्या हाताला कातडीतून जे कळतं तेच मला पाठीतून कळतं. लाकडाला काय समजतंय, म्हणून हसू नका. तुम्ही शिकाऊ मंडळी वर्षभरानं जिथं पोचता, तिथं मी कधीचा जाऊन झोपलेला असतो.

झोप मला फार. दुपारी मोहाच्या बियांचं तेल अंगात मुरायला लागलं की माझं भान सुटतं आणि मी परत सेमाडोहच्या रानात उभा असतो, सिपना नदीच्या काठाला. पायाशी ओल, डोक्यावर पांढरा फुलोरा. खालच्या उतारावरून अस्वल येतं, माझ्यावर पाठ घासतं आणि समाधानानं हुंकारत निघून जातं. माणसाची पाठ मला पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली ती बहुधा त्यामुळेच. बोलता बोलता मी मध्येच तिकडे गेलो तर राग मानू नका. थोड्या वेळानं येतो परत.

कोरकूंनी मला पाडलं. बैलगाडीनं मी परतवाड्याला उतरलो आणि तिथून अमरावतीला, नत्थुजी मिस्त्रींच्या दारात. तेव्हा साहेबाचं राज्य होतं, वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा आणि कापसाच्या हंगामात सरकी काढायच्या जिनांचे भोंगे पहाटेपासून ओरडायचे. नत्थुजींनी रंधा हातात घेण्याआधी माझ्यावर नुसता तळहात फिरवला. माझ्या रेघा कुठून निघतात, कुठं वळतात, कुठं गाठ आहे, ते त्यांनी डोळे मिटून पाहिलं. मग म्हणाले, हा आडवा तासला तर रुसेल, याच्या रेघेनंच गेलं पाहिजे. माणसाच्या मांसालाही अशाच रेघा असतात, हे मला नंतर समजलं.

मला घडवून घेतलं खुशालरावांनी. गडी एके काळी अकोल्याच्या आखाड्यात नावाजलेला. कान मोडलेले, मान बैलासारखी. कुस्ती सुटल्यावर तिथल्याच एका डॉक्टरकडे पट्ट्या बांधायचं काम केलं, हाडं-मांसाचं सगळं ज्ञान तिथं गोळा केलं, आणि अमरावतीला येऊन तालमीच्या पडवीत मालिश शिकवायचा वर्ग काढला. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. चार भिंती, एक मारुती, तेलाची किटली आणि मी, एवढाच संसार होता त्या वर्गाचा.

पहिल्या दिवशी पोरं आली ती बाह्या सरसावून. त्यांना वाटलं, आता पाठी रगडायला मिळणार. गुरुजींनी कापसाच्या सुताचा एक धागा माझ्यावर ठेवला, त्यावर धोतराची घडी घातली आणि म्हणाले, डोळे मिटा अन् धागा कुठं आहे ते बोटांनी सांगा. सगळ्यांनी जोर लावला, धागा काही कुणाला लागेना. मग गुरुजींनी हात इतका हलका ठेवायला लावला की खाली माशी असती तरी उडाली नसती. तेव्हा कुठं एकेकाला धागा सापडायला लागला. मग घडी दुहेरी झाली, मग आणखी जाड. पोरं कंटाळली, पण त्यांची बोटं जागी झाली.

पुढं माणूस आला. आधी हाड शोधा, गुरुजी सांगत, हाड जागचं हलत नाही, ते वाट दाखवतं. खांद्याच्या फऱ्याची कड सापडली की तिच्यावरून मानेकडे चढा. मांस कुठं चिकटलंय आणि कुठं जाऊन पोचलंय, दोन्ही टोकं हाताला लागली पाहिजेत. बोट रेघेच्या आडवं न्या. खाटेच्या सुंभावरून बोट आडवं फिरवलं तर एकेक दोर लागतो, दोराच्या लांबीनं फिरवलं तर काही कळत नाही, तसंच हे. आणि शंका आली तर अंगालाच विचारा. दंडाची बेडकुळी हवी तर म्हणावं, कोपर वाकव, आणि आपण मनगट धरून थोडं अडवावं. मग बेडकुळी हाताखाली आपणहून वर येते.

सूर्यभान नावाचा एक शिष्य होता, मनानं लाखाचा, हातानं पैलवान. तो भिडला की माझे चारही पाय कुरकुरायचे. गुरुजी एकदा त्याला शांतपणे म्हणाले, ‘‘सूर्यभान, तू कणीक तिंबून राहिला का? त्याच्या पाठीचं ऐक लेका, आपलंच सांगू नको.’’ पडवीभर हशा झाला. माझ्यावर पालथा पडलेला माणूसही हसला आणि त्याची इतका वेळ आवळलेली कंबर तेवढ्यात सैल झाली.

ते दिवस बरे होते. हंगामात जिनावरचे हमाल यायचे. कापसाच्या गठाणी वाहून एक खांदा वर, एक खाली. गुरुजी त्यांच्यावर हात ठेवून पोरांना दाखवत, की चित्रातला माणूस दोन्हीकडून सारखा असतो, वऱ्हाडातला नसतो. याचा उजवा खांदा मोठा आहे तो आजार नाही, तो याचा धंदा आहे. त्याला सरळ करायला जाऊ नका, दुखतं तेवढं सोडवा. हमाल उठून जाताना माझ्यावरून एक हात फिरवून जायचा. मला ते आवडायचं.

मग दुर्गाबाईंना लकवा झाला.

दुर्गाबाई म्हणजे गुरुजींची बायको. तालमीला लागूनच घर. सकाळी भाकरी थापता थापता उजवा हात परातीत पडला तो पडलाच. पायही गेला, जीभही जड झाली. काही महिन्यांत बोलणं परत आलं, पाय फरपटत का होईना चालायला लागला. हात मात्र आला नाही. खांद्यापासून नुसता लोंबायचा.

गुरुजी त्या दिवसांत एकदा आंघोळ करून ओल्या अंगानं मारुतीपुढं उभे राहिले. सगळे शिष्य होते. म्हणाले, दुर्गाचा हात उठेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या अंगाला हात लावणार नाही. पैलवानाचा शब्द, तोही मारुतीपुढं आणि शिष्यांपुढं. माघार कुठली? वर्ग त्या दिवशी बंद झाला. सूर्यभान काही दिवस उगाच येऊन पडवी झाडून जायचा, मग तोही एका जिनात कामाला लागला. मला उचलून घरामागच्या ओसरीवर ठेवलं, दुर्गाबाईंसाठी.

पहिल्या दिवशी त्या माझ्यावर पडायला तयार होईनात. पदर आवळून काठावर बसून राहिल्या. शेवटी जयवंतानं त्यांना आडवं केलं. जयवंता माळीण, मूळची चांदूर बाजारकडची. सकाळी वांगी-गवार आणि झेंडूची फुलं घेऊन दारावर यायची. दुर्गाबाई आजारी पडल्यापासून टोपली रिकामी झाली की थांबायची, शेक द्यायची, तेल लावायची. माळीपुऱ्यातल्या बाळंतिणींना आंघोळ घालून तिचे हात तयार झालेले होते. पण शिकवलं तिला कुणी नव्हतं.

दुपारी गुरुजी येत. ओसरीवर लिंबाची सावली हलत असे, तेलाचा वास सुटे, आणि मी अर्धा इथं, अर्धा सिपनेकाठी. गुरुजींचे हात खांद्यापासून सुरू होत. प्रत्येक मांसाशी थांबत, विचारत, वाट पाहत, पुढच्याला जात. दंड, कोपर, मनगट, बोटं. उत्तर कुठूनच येत नसे. तरी दुसऱ्या दिवशी तितक्याच आशेनं परत सुरुवात. मला त्यांचा कंटाळा कधी आला नाही, पण वाईट फार वाटायचं.

आणि एका दुपारी ते मध्येच थांबले. कोपराखालच्या मांसात त्यांचा अंगठा खोल रुतला होता.

‘‘दुर्गे,’’ ते अगदी हळू म्हणाले, ‘‘आत काईतरी हाललं.’’

त्यांचा चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. त्यांनी पेढे आणले, मारुतीला ठेवले, गल्लीत वाटले. त्यानंतर रोज अंगठा तिथंच. रोज त्यांना ते बारीकसं हलणं लागायचं, कधी मंद, कधी जोरात. ते डोळे मिटून त्याच्याकडे लक्ष लावून बसायचे.

आता मी काय सांगू? तो हात माझ्यावर टेकलेला होता. खालून मला तो होता तसाच लागत होता, निवांत, गप्प. हलणं येत होतं ते वरून. माणसाच्या अंगठ्याला स्वतःची नाडी असते. अंगठा दाबून धरला की तीच उसळते आणि समोरच्याची वाटते. म्हणून अंगठ्यानं कधी चाचपू नका, बोटांची टोकं वापरा, हे गुरुजींनी स्वतः कितीतरी पोरांना याच बाकापाशी शिकवलं होतं. ज्यांनी शिकवलं तेच फसले, आणि तेही स्वतःच्याच नाडीनं. आस फार वाईट, बाप्पा. मला तोंड असतं तरी मी सांगितलं असतं का, कोण जाणे.

जयवंताच्या ते लक्षात आलं. एकदा गुरुजी पाणी प्यायला आत गेले तेव्हा तिनं त्याच जागी आपली बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली. मग तिनं दुर्गाबाईंकडे पाहिलं. दुर्गाबाईंनी डोळे मिटून घेतले. 

हंगाम सुरू झाला. एक दिवस जिनावरच्या भगवंत हमालाला खाटेवर घालून चौघांनी मागच्या दारात आणलं. गठाण उचलताना त्याची कंबर अशी धरली होती की त्याला श्वास घेता येईना. हाताशी आलेला हंगाम, घरात खाणारी तोंडं. तो नुसता गुरुजींकडे पाहत होता. गुरुजींचे हात पुढं झाले. मी ओसरीवरून पाहिलं, खरंच झाले. आणि मग मागं गेले. नवस आहे बाबा, एवढंच म्हणाले ते. खाट आली तशी परत गेली. भगवंताचं कण्हणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं.

दुर्गाबाईंनी ते सगळं पाहिलं होतं.

त्या दुपारी गुरुजी नेहमीसारखे येऊन बसले. अंगठा ठेवला. म्हणाले, आज तर फारच जोरात आहे.

‘‘अवो,’’ दुर्गाबाई म्हणाल्या, ‘‘तो ठोका तुमच्या अंगठ्याचा हाय.’’

गुरुजींचा अंगठा तसाच राहिला.

‘‘मले पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. माहा हात मेला तवाच मेला. मी सांगतलं असतं तं तुमी हात काढून घेतला असता.’’ त्या थोड्या थांबल्या. ‘‘उभ्या जन्मात तुमी दिवसाउजेडी माह्या अंगाले हात लावला नवता. साऱ्या अमरावतीच्या पाठी तुमच्या हाताखालून गेल्या, अन् मी चुलीपाशी. आता रोज दुपारी तुमी येता, माह्यापाशी बसता. मले लालूच सुटली. पण त्या भगवंताले असं माघारी धाडलेलं मले पायवलं नाई.’’

 जयवंता दाराआडून बघत होती. 

मग दुर्गाबाईंनी डाव्या हातानं आपलं उजवं मनगट पकडलं आणि तो लोंबता हात उचलला. जड होता. मला कळत होतं किती जड होता. माझ्यावरून तो सुटला, वर गेला, त्यांच्या डोक्याच्याही वर.

‘‘हे घ्या, उठला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माह्या हातानं उठला. मारुती काई म्हनत असन तं मी पाहून घेईन त्याच्याकडे. तुमी जा, त्या मानसाले पाहा.’’

गुरुजींनी माझ्या काठावर कपाळ टेकलं. इतका मोठा गडी, पण खांदे हुंदक्यांनी हलत होते. खारं पाणी सागाला मानवत नाही, तरी ते मी निमूट पिऊन टाकलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, की मग उद्यापासून हात ठेवू की नको?

‘‘ठेवत जा ना. उठन म्हनून नको. असाच ठेवत जा.’’

संध्याकाळ व्हायच्या आत गुरुजी भगवंताच्या घरी गेले. चार दिवसांनी भगवंत आपल्या पायांनी चालत आला, तेव्हा मी परत पडवीत होतो आणि सूर्यभान बाह्या सरसावून उभा होता. हात तसाच जड त्याचा. काही माणसं सुधारत नाहीत, आणि एका परीनं ते बरंच असतं.

पण खरी गंमत पुढं झाली. दुर्गाबाईंनी हट्ट धरला की बायांचाही वर्ग पाहिजे. बाळंतिणींची अंगं चोळणाऱ्या बाया दाबतात कुठंही, कुणाला शिकवलंय कुणी? गुरुजी म्हणाले, परक्या बायांच्या अंगाला मी हात कसा लावू आणि शिकवू कसं? दुर्गाबाई म्हणाल्या, तुम्ही नका लावू, मी आहे ना. मग दुपारी पडवीत मधोमध एक जुनं लुगडं पडद्यासारखं बांधलं. अलीकडे गुरुजी पाठमोरे बसत आणि बोलत. पलीकडे माझ्यावर दुर्गाबाई, आणि भोवती जयवंता व माळीपुऱ्यातल्या बाया. गुरुजींना काही दिसत नसे. ते म्हणत, कोपर सापडलं का? दुर्गाबाई सांगत, हिचं बोट बोटभर खाली आहे, हिचं बरोबर आहे.

त्यांचे दोन दंड हेच त्या वर्गाचं पुस्तक. डावा म्हणजे जिवंत हात. कोपर वाकवून मूठ आवळली की बेडकुळी बायांच्या बोटांखाली वर यायची आणि त्या लाजून हसायच्या. मग उजवा. तिथंही तितकाच हलका हात ठेवायचा, तितकंच थांबायचं, आणि काही आलं नाही तर काही आलं नाही असंच म्हणायचं. आपल्या मनानं काही घालायचं नाही. पहिल्या दिवशी एकीला रडू आलं. दुर्गाबाईंनी तिला दटावलं, की रडतेस काय, हात माझा आहे, तुला शिकायला दिलाय. त्या बायांपैकी कितीतरी जणींच्या हाताखाली आज अमरावतीतली अर्धी लेकरं वाढली आहेत. ‘अर्धी’ म्हणताना मी थोडं वाढवून सांगतोय, पण चालतं तेवढं.

वर्षं गेली. दुर्गाबाई गेल्या पौषात गेल्या, झोपेत, कुणाला त्रास न देता. गुरुजी रडले नाहीत. लोक भेटायला येत, ते ताठ बसून सगळ्यांशी बोलत, चहा विचारत. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि तरी त्यांचा ताठा काही जाईना. मान वळवायची तर सगळं अंग वळवायचे.

परवा दुपारी जयवंता वर्ग घेत होती. आता तीच शिकवते. पाठीचा धडा होता आणि माझ्यावर पडायला कुणी नव्हतं. गुरुजी दारात आले, थोडे घुटमळले, सदरा काढला आणि येऊन पालथे झाले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी आडवे झाले नव्हते. पोरी बावरल्या. जयवंतानं त्यांना खुणेनं गप्प केलं आणि गुरुजींच्या दोन्ही खांद्यांच्या मधे आपले तळवे ठेवले.

दगड होता तिथं. माझ्यावर छाती टेकली होती, पण सगळं वजन त्यांनी स्वतःच धरून ठेवलं होतं. जयवंता दाबत नव्हती, चोळत नव्हती, नुसती थांबली होती. एकीनं हळूच विचारलं, तेल देऊ का? जयवंतानं नको म्हणून मान हलवली. वेळ गेला. गुरुजींचा श्वास माझ्या फळीवर आदळत होता, मग आदळेनासा झाला. आधी मान सुटली, मग उजवा खांदा, मग फऱ्याखालचं काहीतरी, ज्याला नाव आहे पण मला ते आठवत नाही. आणि मग सगळाच माणूस माझ्यावर आला. केवढा जड होता!

ते रडत होते. पोरींनी माना खाली घातल्या.

‘‘हात नको काढू, पोरी,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘मी सारा जन्म हात ठेवत आलो. दुसऱ्यानं ठेवला म्हंजे काय वाटते, ते मले आज समजलं. दुर्गा काहून गप्प राहिली होती, तेबी समजलं.’’

जयवंतानं हात काढला नाही. मग एकेक पोरगी पुढं आली आणि आपला हात हलकेच ठेवून गेली. शिकायचं होतंच त्यांना.

माझा एक पाय आता डगमगतो, पाचर मारून उभा आहे. मागणं माझं एवढंच आहे. दुसऱ्याच्या अंगाला हात लावायच्या आधी तुम्ही एकदा माझ्यावर आडवे व्हा. कुणालातरी म्हणा, ठेव हात. आणि तुमचं वजन माझ्यावर सोडा. मग उठा, हात धुवा आणि दारात कोण आलंय ते बघा.